सुट्या मालातले सल्फाइटही ग्राहकाला कळले पाहिजे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

वाइन टिकावी म्हणून तिच्यात घातल्या जाणाऱ्या सल्फाइटविषयी आपल्या दैनिकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात गेल्या काही दिवसांत जी चर्चा झाली, ती मी लक्षपूर्वक वाचली. सल्फाइट म्हणजे गंधकाचे विष, ते पोटात जाताच कामा नये, असे एका बाजूने मांडले गेले. आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या पदार्थाचा उगाच बाऊ केला जात आहे, असे दुसऱ्या बाजूने उत्तर आले. या दोन्ही पत्रांत मराठवाड्यातील सामान्य घराशी ज्याचा खरा संबंध आहे तो भाग मात्र राहून गेला. आपल्याकडे वाइन पिणारी माणसे थोडी आहेत. पण बेदाणा, गूळ, साखर, बिस्किटे, जर्दाळू, सरबते यांतले काहीच येत नाही असे घर औशात, तुळजापुरात किंवा परभणीत शोधूनही सापडणार नाही, आणि सल्फाइट आपल्या पोटात जाते ते मुख्यतः याच वाटेने. बंद पुड्यावर निदान बारीक अक्षरांत काहीतरी छापलेले असते. किराणा दुकानातल्या उघड्या पोत्यावर आणि बाजारातल्या गुळाच्या ढेपेवर काहीही लिहिलेले नसते. बरीच वर्षे गृहविज्ञान शिकवल्यामुळे आणि बचत गटातील महिलांसोबत फळप्रक्रियेचे काम केल्यामुळे या विषयाशी माझा जवळचा संबंध आला, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

गंधक जाळल्यावर नाकाला झोंबणारा जो वायू निघतो तो सल्फर डायऑक्साइड. तो पाण्यात विरघळल्यावर किंवा सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांच्या क्षारांच्या रूपात आल्यावर जे पदार्थ मिळतात, त्या सर्वांना मिळून आपण सल्फाइट म्हणतो, आणि खाद्यपदार्थांत मिसळायच्या द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय क्रमवारीत या कुटुंबाला २२० ते २२८ हे क्रमांक दिलेले आहेत. त्यांपैकी २२० म्हणजे स्वतः सल्फर डायऑक्साइड, २२३ म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइट आणि २२४ म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, ज्याला आपल्या महिला सरसकट ‘केएमएस पावडर’ म्हणतात. बुरशी, यीस्ट आणि जिवाणू यांची वाढ रोखणे, हवेतल्या प्राणवायूमुळे रंग व चव बिघडू न देणे, आणि चिरलेले फळ ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) काळे पडते त्याला थोपवून धरणे ही तिन्ही कामे एकाच वेळी आणि अगदी कमी खर्चात करणारे दुसरे द्रव्य अजून हाती लागलेले नाही. बिस्किटाच्या पुड्यावरही २२३ हा आकडा दिसतो. तिथे तो टिकवण्यासाठी नसून कणकेचा ताठरपणा कमी करून ती नीट लाटली जावी यासाठी असतो. सल्फाइटचे आणखी एक काम रंग उडवण्याचे आहे, आणि मला खरी काळजी वाटते ती याच कामाची.

आधी वाइनविषयी, कारण चर्चा तिथून सुरू झाली. यीस्ट हा सजीव आंबवण्याच्या क्रियेत स्वतःच थोडे सल्फाइट तयार करतो, त्यामुळे वरून कणभरही न घातलेल्या वाइनमध्ये ते पूर्णपणे शून्य असेल असे धरून चालता येत नाही. वरून घातलेल्या सल्फाइटपैकी काही भाग साखर, रंगद्रव्ये आणि विशेषतः ॲसिटाल्डिहाइड यांच्याशी बांधला जातो. उरलेल्या मुक्त भागातलाही अगदी थोडा अंश प्रत्यक्ष वायूच्या रेणूंच्या रूपात असतो, आणि जंतूंना आवरण्याचे काम मुख्यतः तेवढाच अंश करतो. हा अंश किती असेल ते वाइनच्या आम्लतेवर, म्हणजे तिच्या पीएचवर ठरते (पीएच जितका कमी, तितकी आम्लता जास्त): पीएच ३.२ असेल तर मुक्त भागाच्या सुमारे ४ टक्के, ३.५ ला सुमारे २ टक्के आणि ३.८ ला जेमतेम १ टक्का. पीएच थोडा चढला की तेवढ्याच संरक्षणासाठी दुप्पट किंवा चौपट मात्रा लागते. आपल्यासारख्या उष्ण मुलखात द्राक्ष पिकताना त्यातले आम्ल झपाट्याने उतरते. म्हणून इथे वाइन करणाऱ्याने फळ वेळेवर तोडणे, पहाटेच्या गारव्यात तोडणी करणे आणि आम्लता सांभाळणे या गोष्टींना मोल आहे, कारण त्यांच्यामुळे सल्फाइटची गरजच कमी होते. लाल वाइनमध्ये सालीतून आणि बियांतून उतरणारे टॅनिन हे तुरट द्रव्य स्वतःच काही संरक्षण देते, म्हणून युरोपीय संघात कोरड्या लाल वाइनला लिटरमागे १५० मिलिग्रॅम आणि कोरड्या पांढऱ्या वाइनला २०० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. गोड वाइनला ती आणखी वाढवून मिळते, आणि अमेरिकेत सर्वच वाइनला ३५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. लाल वाइनने डोके दुखते ते सल्फाइटमुळे, असे आपल्या एका वाचकाने लिहिले होते. तसे असते तर पांढऱ्या वाइनने ते अधिक दुखायला हवे होते. त्या डोकेदुखीची कारणे इतरत्र शोधली पाहिजेत, आणि मद्य हे त्यांतले सर्वांत सरळ कारण आहे.

सल्फाइट निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नव्हे. बहुसंख्य निरोगी माणसांच्या यकृतात आणि इतर अवयवांत सल्फाइट ऑक्सिडेज नावाचे विकर असते, ते सल्फाइटचे निरुपद्रवी सल्फेट करते आणि ते लघवीवाटे निघून जाते. आपण खातो त्या प्रथिनांतील गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून शरीर स्वतःही रोज सल्फाइट तयार करत असते, त्यामुळे हे विकर सर्वांच्या अंगात सतत कामावर असते. प्रश्न येतो तो दमेकऱ्यांचा. दमा असलेल्यांपैकी साधारण ३ ते १० टक्के लोकांना सल्फाइटमुळे त्रास होऊ शकतो, असे वैद्यकीय अभ्यासांत वेगवेगळ्या वेळी आढळले आहे, आणि ज्यांचा दमा तीव्र आहे, ज्यांना नियमित स्टिरॉइड घ्यावे लागते, त्यांना हा धोका अधिक असतो. पदार्थ चावताना किंवा आंबट पेय पिताना तोंडात आणि जठरातील आम्लामुळे पोटात सल्फर डायऑक्साइड मोकळा होतो, तो श्वासासोबत आत ओढला जातो आणि आधीच हळव्या असलेल्या श्वासनलिका आवळल्या जातात. काही मिनिटांत छाती भरून येते, धाप लागते, घरघर सुरू होते. क्वचित काहींच्या अंगावर पित्त उठते, आणि त्याहून क्वचित ही प्रतिक्रिया जिवावर बेतते. दम्याचा त्रास पूर्वी कधीही न झालेल्या माणसाने बेदाणे खाताना भीत बसण्याचे कारण नाही. पण ज्याला हा त्रास आहे त्याने ‘थोडेसे खाल्ले तर काय होते’ असे म्हणून चालणार नाही, कारण त्याच्या बाबतीत अगदी थोड्या मात्रेनेही झटका येऊ शकतो.

अमेरिकेने हा धडा महागात घेतला. तिथल्या उपाहारगृहांत मांडून ठेवलेली चिरलेली भाजी आणि कोशिंबिरी दिवसभर ताज्या दिसाव्यात म्हणून त्यांवर सल्फाइटचे पाणी शिंपडण्याची पद्धत पडली होती. हिरवेगार सॅलड खाऊन दम्याचे रुग्ण कोसळू लागले, काही दगावले, आणि १९८६ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या फळांवर आणि भाज्यांवर सल्फाइट वापरण्यास बंदी घातली. पुड्यातील पदार्थात किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर ते वेष्टनावर लिहिण्याची सक्तीही त्याच सुमारास झाली आणि पुढे ती वाइनच्या बाटलीलाही लागू झाली. त्या दुर्घटनांतला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या पदार्थांनी माणसे दगावली त्यांतले बरेचसे पुड्यातले नव्हते. ते ताटात वाढलेले, सुटे, कुठलीही चिठ्ठी नसलेले पदार्थ होते, आणि खाणाऱ्याला विचारायलाही सुचले नाही.

आता आपल्या घरातला हिशेब पाहू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.७ मिलिग्रॅम इतके सल्फाइट, सल्फर डायऑक्साइडच्या हिशेबात, आयुष्यभर घेतले तरी चालेल अशी मर्यादा सुचवली आहे. साठ किलो वजनाच्या माणसासाठी हे ४२ मिलिग्रॅम होतात आणि वीस किलो वजनाच्या मुलासाठी १४. लिटरमागे १०० मिलिग्रॅम सल्फाइट असलेल्या वाइनचा दीडशे मिलिलिटरचा एक पेला म्हणजे १५ मिलिग्रॅम. आणि बेदाणा? सुकवलेल्या द्राक्षांना युरोपात किलोमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. आपण त्याच्या निम्मे, म्हणजे किलोमागे १००० मिलिग्रॅम धरू. अशा पिवळ्याधमक बेदाण्याचे पंधरा ग्रॅम, म्हणजे लहान मुलाच्या मुठीत मावतील एवढे दाणे, वाइनच्या एका पेल्याइतके सल्फाइट देतात, आणि वीस किलोच्या मुलाची दिवसाची मर्यादा तेवढ्यातच ओलांडली जाते. ही मर्यादा आयुष्यभराच्या रोजच्या सेवनासाठी आहे, एका दिवसाच्या शिऱ्याने किंवा शिरखुर्म्याने कोणाचे काही बिघडत नाही, हे मी मुद्दाम सांगते. पण मुलांच्या डब्यात रोज ‘पौष्टिक’ म्हणून बेदाणे आणि जर्दाळू घालणाऱ्या आयांना हा हिशेब माहीत असावा. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली सल्फाइटचा पुन्हा आढावा घेतला, तेव्हा ०.७ ही आपली जुनी तात्पुरती मर्यादाही मागे घेतली. उपलब्ध माहिती पुरेशी नाही आणि जास्त प्रमाणात सेवन करणाऱ्यांच्या बाबतीत सुरक्षेची चिंता नाकारता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. म्हणजे जुना आकडाही डोळे झाकून विसंबण्याजोगा उरलेला नाही.

बेदाण्याचा विषय मराठवाड्याला परका नाही. धाराशिव जिल्ह्यात, औसा भागात, जालन्याच्या कडवंची परिसरात द्राक्षबागा आहेत, आणि ऐन तोडणीत अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली, किंवा बाजार पडला, की ताज्या द्राक्षाऐवजी बेदाणा करण्याकडे शेतकऱ्याला वळावे लागते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इथला एकही बागायतदार विसरलेला नसेल. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत वाळवली जातात. त्यामुळे सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि दाणा लवकर सुकतो. इथपर्यंत सल्फाइटचा संबंध येत नाही. सोनेरी, एकसारखा पिवळा रंग हवा असेल तर गंधकाची धुरी दिली जाते, आणि दाण्यात सल्फाइट उतरते ते तिथे. उन्हात वाळवलेल्या काळ्या मनुकांना धुरीची गरज पडत नाही. जर्दाळूचेही तसेच आहे: केशरी आणि मऊ असेल तर तो धुरीचा, तपकिरी आणि सुरकुतलेला असेल तर बहुधा बिनधुरीचा. तरीही नुसत्या रंगावरून खात्री देता येत नाही, कारण किती गंधक जाळले, किती तास धुरी दिली आणि नंतर माल किती महिने साठवला यांवर दाण्यातले प्रमाण बदलते. बेदाणे गरम पाण्यात भिजवून पाणी टाकून दिले तर मोकळे सल्फाइट काही प्रमाणात निघते. बांधलेले आतच राहते. म्हणून दमेकरी माणसासाठी धुणे हा उपाय धरू नये.

आमच्या नात्यातल्या एका शाळकरी मुलीला दमा आहे आणि डॉक्टरांनी तिला सल्फाइट टाळायला सांगितले आहे. तिच्या आईने दुकानात विचारले की हा बेदाणा धुरीचा आहे का, तर दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितले की पोते तासगावच्या बाजारातून व्यापाऱ्यामार्फत आले, पुढचे मला ठाऊक नाही. यात त्या दुकानदाराला दोष देण्याजोगे काही नाही. त्याला माहिती देण्याची सोय साखळीत कुठेच नाही.

पुड्यातल्या मालासाठी कायदा आहे आणि तो चांगला आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असल्यास गहू, दूध, अंडी, शेंगदाणे यांच्यासारखेच ते ॲलर्जीकारक म्हणून वेष्टनावर वेगळे नमूद करावे लागते. मात्र प्रत्यक्षात ही ओळ बहुतेक वेळा इंग्रजीत आणि भिंगाशिवाय वाचता येऊ नये इतक्या बारीक अक्षरांत असते, आणि ‘क्लास टू प्रिझर्व्हेटिव्ह’ म्हणजे काय हे निलंग्याच्या किंवा गंगाखेडच्या ग्राहकाने कसे ओळखावे, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. नियमांच्या भाषेत मीठ, साखर, व्हिनेगर, मसाले हे पहिल्या वर्गाचे परिरक्षक आहेत आणि बेंझोएट, सल्फाइट वगैरे दुसऱ्या वर्गाचे. एवढी एक ओळ शाळेच्या पुस्तकात आली तरी पुष्कळ काम होईल.

गुळाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि तो आपल्या दाराशी आहे. लातूरच्या गूळ मार्केटमध्ये सौदा होताना ढेपेचा रंग आधी पाहिला जातो आणि भाव त्यावर ठरतो. उसाचा रस काहिलीत उकळताना रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस किंवा चुन्याची निवळी घालून मळी काढणे ही जुनी रीत, आणि ती उत्तम आहे. पण ऊस क्षारपड रानातला असेल, तोडून दोन दिवस पडलेला असेल किंवा घाई असेल तर गूळ काळसर उतरतो, आणि मग काही ठिकाणी ‘हायड्रॉस’ काहिलीत पडते. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, कापड उद्योगात रंग उडवण्यासाठी वापरले जाणारे रसायन. पाण्यात आणि उष्णतेत त्याचे विघटन होऊन सल्फाइट आणि इतर गंधकयुक्त क्षार तयार होतात. गुळाला सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोमागे ७० मिलिग्रॅम ठरवलेली आहे, ती ओलांडली गेली की नाही हे चिमटीने आणि अंदाजाने रसायन टाकणाऱ्या गुळव्याला कळण्याचा काही मार्ग नाही. यात फसवणूकही आहे, कारण असा पिवळा रंग टिकत नाही. साठवणीत ढेप पुन्हा काळवंडते. गुऱ्हाळे चालवणाऱ्यांना गुन्हेगार ठरवून हा प्रश्न सुटेल असे मला मुळीच वाटत नाही. तपकिरी गुळाला क्विंटलमागे कमी भाव देणारा बाजार आणि पिवळी ढेप पाहून हरखणारे आपण ग्राहक यांनी त्याच्या हातात ती पुडी दिली आहे.

साखरेविषयी थोडक्यात. आपल्या भागातले बहुतेक कारखाने डबल सल्फिटेशन पद्धतीने साखर करतात, म्हणजे गंधक जाळून तयार केलेला वायू आधी रसात आणि पुढे पाकात सोडतात. त्यामुळे पांढऱ्या साखरेत थोडे अवशेष राहतात, त्यालाही किलोमागे ७० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. दिवसाला चाळीस ग्रॅम साखर पोटात गेली आणि अवशेष अगदी मर्यादेला टेकलेले असले तरी ते तीन मिलिग्रॅमच्या आत भरते, त्यामुळे मला याची फार चिंता वाटत नाही. साखर कमी खाण्याची याहून भक्कम कारणे आहेत.

बचत गटांच्या कामाविषयी मात्र मला कळकळीने लिहावेसे वाटते, कारण तिथे चूक अजाणतेपणी होते आणि ती टाळणे सोपे आहे. लिंबू, आवळा, कैरी यांचे स्क्वॅश घालताना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोमागे ३५० मिलिग्रॅम आहे. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या वजनापैकी सुमारे ५७.६ टक्के भाग सल्फर डायऑक्साइड म्हणून उपयोगी पडतो, म्हणून एक किलो स्क्वॅशला साधारण ६०० मिलिग्रॅम पावडर पुरते. ६०० मिलिग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याचा फार तर आठवा भाग. चमचाभर पावडर, म्हणजे साधारण पाच ग्रॅम, एका किलोत पडली तर प्रमाण जवळपास २९०० मिलिग्रॅमवर जाते, मर्यादेच्या आठपट. हे केवळ कागदावरचे गणित नाही. ‘टिकावे म्हणून थोडी जास्त घातली’ हे वाक्य मी प्रशिक्षणांत अनेक महिलांच्या तोंडून ऐकले आहे. त्यात भर अशी की उघडी राहिलेली पावडर हवेतल्या ओलाव्याने हळूहळू निकामी होते, मग स्क्वॅश फसफसते, आणि पुढच्या वेळी बाई नव्या, ताज्या पावडरीचीही मात्रा वाढवते. पावडर हवाबंद काचेच्या बरणीत ठेवावी, बरणीवर तारीख लिहावी, मिलिग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा गटाच्या पैशातून घ्यावा, पावडर आधी थोड्या पाण्यात विरघळवून मगच मिसळावी आणि त्या वेळी नाक भांड्यावर नेऊ नये. जांभूळ, डाळिंब, करवंद यांच्या रसात ही पावडर घातली तर रंगच उडतो, म्हणून तिथे सोडियम बेंझोएट वापरतात. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सल्फाइट बी-१ हे जीवनसत्त्व नष्ट करते, म्हणून जे पदार्थ या जीवनसत्त्वाचा चांगला स्रोत आहेत, जसे मांस किंवा डाळी, त्यांत ते कधीही घालू नये.

या साऱ्यावर उपाय कोणता, हे सांगितल्याशिवाय पत्र पुरे होणार नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानात सुट्या मिठाईच्या ताटापुढे ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिण्याची सक्ती झाली. सुट्या मालालाही लेखी माहितीचे बंधन घालता येते हे त्या एका आदेशाने सिद्ध केले आहे. त्याच धर्तीवर सुटा बेदाणा, जर्दाळू, सुके अंजीर आणि गूळ विकणाऱ्या प्रत्येक दुकानात ‘यात सल्फाइट आहे’ किंवा ‘सल्फाइटविरहित’ अशी मराठी पाटी पोत्यावर किंवा ढेपेजवळ असलीच पाहिजे, असा नियम व्हावा, अशी माझी अन्न व औषध प्रशासनाकडे मागणी आहे. दुकानदाराला ही माहिती मिळावी म्हणून बेदाण्याच्या खोक्यावर शेडमध्येच, आणि ढेपेच्या गुंडाळीवर गुऱ्हाळातच, धुरी दिली किंवा रसायन वापरले याची नोंद झाली पाहिजे. बाजार समित्यांनी ठरवले तर सौद्याच्या चिठ्ठीत हा एक रकाना वाढवायला फारसा खर्च येणार नाही.

तपासणीची सोयही जवळ हवी. सल्फाइट मोजण्याची मान्य पद्धत अशी आहे की नमुना आम्लासह उकळायचा, निघालेला वायू हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पकडायचा आणि तयार झालेल्या आम्लाचे मोजमाप करायचे. याला अवाढव्य यंत्रे लागत नाहीत. प्रशिक्षित माणूस आणि काचेची नीट उपकरणे पुरतात. कांदा-लसूण यांच्या बाबतीत त्यांच्यातल्या नैसर्गिक गंधकामुळे ही पद्धत चुकीचे उत्तर देऊ शकते, तेवढे भान ठेवावे लागते. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय आहे, तुळजापूर आणि खरपुडीला कृषी विज्ञान केंद्रे आहेत. गुळाच्या आणि बेदाण्याच्या हंगामात या संस्थांनी शेतकऱ्याचा आणि गुऱ्हाळाचा नमुना अल्प शुल्कात तपासून द्यावा, तोही दंडाच्या भीतीशिवाय, केवळ सुधारणेसाठी. काहिलीत काय आणि किती पडते हे आकड्यांत दिसले की बदल करायला गुळव्याला सांगावे लागत नाही. ग्राहकालाही अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ४० खाली, विकत घेताना विक्रेत्याला तशी कल्पना देऊन आणि शुल्क भरून, आपला नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. हा हक्क वापरणारे लोक फार थोडे आहेत, कारण तो आहे हेच ठाऊक नसते.

दमेकरी वाचकांना एक वैद्यकीय सूचना, जी मी डॉक्टरांकडून खात्री करून लिहीत आहे. काही इंजेक्शनांतही औषध टिकवण्यासाठी सल्फाइट असते, आणि जीवघेण्या ॲलर्जीवर दिल्या जाणाऱ्या ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनातही ते असू शकते. तरीही प्राणावर बेतलेले असताना ते इंजेक्शन नाकारू नये. त्यातली मात्रा अल्प असते आणि त्या क्षणी जीव वाचवणारे तेच असते. इतर वेळी डॉक्टरांना आणि औषध दुकानदाराला आपल्या त्रासाची आधीच कल्पना द्यावी.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती. संक्रांतीच्या आणि रमजानच्या आधी गूळ आणि बेदाण्याची खरेदी वाढते. त्या दिवसांत २२० ते २२८ हे क्रमांक आणि त्यांची मराठी नावे, पुड्यावरची ओळ कुठे शोधावी याच्या चित्रासह, एका चौकटीत छापावीत. कापून स्वयंपाकघरात लावता येईल एवढी ती मोठी असावी.

आपली विश्वासू,
गृहविज्ञानाची एक निवृत्त शिक्षिका,
औसा, जि. लातूर